वाचक विचारतात : लॉगमध्ये रात्रभर ‘लॉगिन फेल्युअर’, काय करावं?

या वेळी सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेले बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे निघाले, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात. इथं ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मायक्रोटिक कंपनीचा राउटर आहे, स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे. हिशोबनीस घरून रिमोट डेस्कटॉपवर टॅली बघतात. परवा राउटरचा लॉग उघडला तर रात्री दोनपासून सकाळपर्यंत ‘लॉगिन फेल्युअर फॉर युजर अॅडमिन’, मग ‘रूट’, मग ‘टेस्ट’, अशा ओळीच ओळी. पत्ते सगळे परदेशी. आमच्यासारख्या छोट्या कारखान्याच्या मागं कोण लागलंय?

उत्तर : कुणीच नाही. तुम्ही टॉवेल विणता की सोनं विकता, हे रात्रभर पासवर्डचे अंदाज लावणाऱ्या त्या यंत्राला ठाऊकही नाही. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. ते एका गिगाबिट लाइनवरून एका पोर्टसाठी (पत्त्यावरच्या एका क्रमांकाच्या दारासाठी) ही सगळी पत्त्यांची रांग पाऊण तासाच्या आत ठोठावून दाखवतं. ज्या दारातून आवाज येतो तिथं नेहमीच्या किल्ल्यांचा जुडगा लावून बघायचा, एवढंच काम. २०१६मध्ये गाजलेल्या मिराय या बॉटनेटच्या (हॅकरच्या ताब्यातल्या यंत्रांच्या टोळीच्या) जुडग्यात युजर-पासवर्डच्या अवघ्या ६२ जोड्या होत्या, सगळ्या यंत्र बनवणाऱ्यांनीच मुळात ठेवलेल्या. तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर मिरायच्या हाती लागले.

तेव्हा लॉगमधल्या त्या ओळींचा खरा अर्थ ‘हल्ला झाला’ असा नाही. तुमच्या राउटरचं लॉगिन इंटरनेटवरून दिसतंय, असा आहे. पासवर्ड मजबूत करणं नंतर. आधी ते दार रस्त्यावरून दिसायचं बंद करा.

काम सुरू करण्यापूर्वी विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचं सेटिंग करायच्या प्रोग्राममध्ये) डावीकडचं ‘सेफ मोड’चं बटण दाबा. नियम चुकून तुमचीच जोडणी तुटली तर राउटर केलेले बदल आपोआप मागं घेतो. काम नीट झाल्यावर ते बटण सोडायला मात्र विसरू नका, नाहीतर विनबॉक्स मध्येच बंद पडला तर तासाभराची मेहनत वाया जाते.

मग ‘आयपी’मध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडा. तिथं राउटरमध्ये शिरायच्या वाटा दिसतात, इथं कंसात त्यांचे पोर्ट दिले आहेत. टेलनेट (२३), एफटीपी (२१), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू (८०), एपीआय (८७२८) आणि एपीआय-एसएसएल (८७२९) बंद करा. कुठल्या बिलिंग सॉफ्टवेअरला एपीआय लागत असेल तर त्या एकाच यंत्राचा पत्ता ‘अव्हेलेबल फ्रॉम’मध्ये टाका. एसएसएच (२२) आणि विनबॉक्स (८२९१) राहू द्या, पण त्यांच्याही ‘अव्हेलेबल फ्रॉम’मध्ये फक्त तुमच्या आतल्या जाळ्याचा पत्ता भरा, उदाहरणार्थ १९२.१६८.८८.०/२४. हा दुसरा अडसर झाला. पहिला फायरवॉलचा, कारण तिथं अडलेलं पॅकेट सेवेपर्यंत पोचतच नाही.

फायरवॉलच्या ‘इनपुट’ साखळीत (खुद्द राउटरकडे येणाऱ्या पॅकेटच्या नियमांत) क्रम असा ठेवा : आधी एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेड (आधीच जुळलेल्या आणि त्यांच्याशी संबंधित) जोडण्यांना परवानगी, मग इनव्हॅलिड (कुठल्याच जोडणीत न बसणारी) टाकून द्या, मग आयसीएमपीला (पिंगसारख्या तपासणीला) परवानगी, आणि शेवटी ‘इन इंटरफेस लिस्ट’मध्ये लॅन (आतलं जाळं) सोडून बाकी सगळीकडून येणारं ड्रॉप, म्हणजे टाकून द्या. ‘लॅन सोडून’साठी चौकटीशेजारचं उद्गारचिन्ह लावावं लागतं.

आपल्याकडे एक चूक फार दिसते. स्थानिक ऑपरेटरची लाइन बहुधा पीपीपीओईवर (युजर-पासवर्ड देऊन जुळणाऱ्या जोडणीवर) असते. जुन्या पद्धतीनं लिहिलेला नियम ‘ईथर१ वरून येणारं अडवा’ असं म्हणतो, ईथर१ म्हणजे वायरची पहिली खोबण. पण पीपीपीओई लावल्यावर इंटरनेटची वाहतूक राउटरच्या दृष्टीनं ईथर१वरून येतच नाही, ‘पीपीपीओई-आउट१’ या नव्या इंटरफेसवरून येते. नियम जागेवर असतो, त्याचा आकडा मात्र शून्यावरच राहतो, आणि दार सताड उघडं. नियमासमोरचा पॅकेटचा आकडा हलतोय का, हे आधी बघा. ‘लॅन सोडून बाकी सगळं’ अशा नियमाला हा प्रश्न येत नाही, म्हणून तोच लिहावा. ऑपरेटर आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) देत असेल तर त्याची फायरवॉल वेगळ्या मेनूत असते आणि हेच सगळं तिथं पुन्हा करावं लागतं.

आता हिशोबनिसांचं. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट बाहेर उघडून दिलं असेल तर तेच अंदाज-यंत्र तिथंही बसलेलं असणार. ते पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. राउटरवर राउटरओएस ७ ही मायक्रोटिकची प्रणाली असेल तर वायरगार्ड (बाहेरून आत यायचा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) बसवा. मायक्रोटिकवर त्याचं नेहमीचं पोर्ट १३२३१, यूडीपी. इनपुट साखळीत शेवटच्या ड्रॉपच्या वर त्याला परवानगी द्या. वायरगार्डची गंमत अशी की ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे ठोठावणाऱ्याला तिथं दार आहे हेही कळत नाही. बसवल्यावर दोन गोष्टी हमखास राहून जातात : वायरगार्डचा इंटरफेस ‘लॅन’ यादीत घालणं आणि त्या बोगद्याचा पत्ता ‘अव्हेलेबल फ्रॉम’मध्ये घालणं. बोगदा जोडलेला दिसतो पण विनबॉक्स उघडत नाही, अशी तक्रार आली की या दोनांतलं एक विसरलेलं असतं.

प्रश्न : नवी पेठेत आमचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. काही गिऱ्हाइकांच्या राउटरवर एसएसएच बाहेरून उघडं ठेवावंच लागतं. तीन-चारदा जोडणी करणाऱ्याला दहा दिवस बंद करणारे पाच नियम लावले, तर पहिल्याच जोडणीला आम्हीच बाहेर! काय चुकलं?

उत्तर : नियम उलट्या क्रमानं लावले गेले. या नियमांत दर नव्या जोडणीला पत्ता पायरी १, २, ३ अशा याद्यांतून वर चढतो आणि शेवटी काळ्या यादीत, म्हणजे अडवायच्या पत्त्यांत, जातो. यादीत पत्ता घालणारा नियम पॅकेटला थांबवत नाही, नाव टिपून पुढच्या नियमाकडे सोडून देतो. ‘पायरी १’चा नियम सगळ्यांत वर असला तर काय होतं बघा. पॅकेट आलं, पायरी १मध्ये नाव गेलं. तेच पॅकेट खालच्या नियमाकडे गेलं. तो विचारतो, पायरी १मध्ये आहेस का? आहे, मग पायरी २. त्याखाली पायरी ३, मग काळी यादी. एकाच पॅकेटनं सगळा जिना चढला.

म्हणून जिना वरून खाली लिहायचा. सगळे नियम इनपुट साखळीत, टीसीपी, पोर्ट २२, जोडणीची स्थिती ‘न्यू’ :

सगळ्यांत वर, तुमच्या दुकानाचा ठरलेला पत्ता ‘व्हाइटलिस्ट’मध्ये असेल तर परवानगी.
मग काळ्या यादीत असेल तर ड्रॉप.
मग पायरी ३मध्ये असेल तर काळ्या यादीत घाला, मुदत १० दिवस.
पायरी २मध्ये असेल तर पायरी ३मध्ये, मुदत १ मिनिट.
पायरी १मध्ये असेल तर पायरी २मध्ये, १ मिनिट.
कशातच नसेल तरी पायरी १मध्ये, १ मिनिट.
आणि त्याखाली पोर्ट २२ला परवानगी.

याद्यांची नावं राउटरमध्ये रोमन अक्षरांतच द्या. या रचनेत चौथ्या जोडणीला नाव काळ्या यादीत जातं आणि पाचवी जोडणी अडते.

पण या नियमांवर फार भिस्त ठेवू नका. ते चुकलेले पासवर्ड मोजत नाहीत, नुसत्या जोडण्या मोजतात. एका एसएसएच जोडणीत एकाहून जास्त पासवर्ड टाकून बघता येतात, तेव्हा चार जोडण्या म्हणजे चारच अंदाज असं नाही. उलट तुमचा पासवर्ड दर वेळी बरोबर असला तरी मिनिटाच्या आत चारदा फाइल पाठवली की तुमचंच नाव यादीत. दर ७० सेकंदांनी एकदा येणारा तर पायरी १च्या वर कधी जातच नाही, कारण त्याचं नाव ६०व्या सेकंदाला पुसलेलं असतं. तो दिवसाला १२३४ जोडण्या निवांत करतो. (योगायोग असा की हाच आकडा कित्येकांचा पासवर्डही असतो.) आणि शेकडो वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकेक अंदाज आला तर जिना बिचारा रिकामाच. लॉगमध्ये युजर एकच पण पत्ता दर ओळीला नवा, असं दिसलं की तो हाच प्रकार.

दुसरं, मुदत असलेल्या नोंदी राउटर फक्त तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की काळी यादी कोरी. आणि एकाच सार्वजनिक पत्त्यामागं शेकडो मोबाइल ग्राहक असतात. त्यातल्या एकाच्या बिघडलेल्या फोनमुळे पत्ता बंद झाला तर तुम्ही गिऱ्हाइकाकडे जाताना रस्त्यातून मोबाइलवर जोडायला गेलात की तुम्हीही बंद. यादी हजारोंच्या घरात गेली आणि प्रोसेसर दमू लागला तर ड्रॉपचा नियम ‘रॉ’ तक्त्यात ‘प्रीराउटिंग’ला हलवा. तिथं जोडणीची नोंद होण्याआधीच पॅकेट टाकलं जातं. मात्र मग त्या पत्त्यावरून राउटरच्या आत जाणारी वाहतूकही थांबते, हे ध्यानात ठेवा.

खरा उपाय पासवर्डऐवजी किल्ल्यांच्या फायलींचा. संगणकावर आरएसए किल्लीची जोडी (एक गुप्त, एक सार्वजनिक) बनवा आणि सार्वजनिक किल्ली ‘सिस्टिम’मधल्या ‘युजर्स’ खाली ‘एसएसएच कीज’मध्ये त्या युजरला जोडा. मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर त्या क्षणापासून त्या युजरचं एसएसएचवरचं पासवर्डनं लॉगिन बंद होतं. मग अंदाज लावायला काही उरतच नाही. फक्त हे युजरनिहाय असतं. जुना ‘अॅडमिन’ तसाच ठेवला तर त्याचं दार पासवर्डवरच चालू राहतं. ‘फुल’ गटात वेगळ्या नावाचा युजर करा, त्यानं एकदा लॉगिन करून खात्री करा, आणि मगच ‘अॅडमिन’ बंद करा. हा क्रम उलटला तर रीसेटशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : एसएसएच २२ वरून २२२२वर नेलं. पुरे?

उत्तर : नाही. लॉग शांत होतो एवढंच. २२२२ तर नेहमीच्याच यादीत आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते. फायबरचा डबा बसवून गेलेल्या मुलानं वाय-फायचा पासवर्ड माझाच मोबाइल नंबर ठेवला होता. तो मी बदलला. आता राउटर सुरक्षित झाला का?

उत्तर : अर्धा. घराला दोन कुलपं असतात. वाय-फायचा पासवर्ड हे फाटकाचं कुलूप, आणि राउटरच्या सेटिंगचं लॉगिन हे तिजोरीचं. बहुतेक घरांत पहिलं बदललेलं असतं आणि दुसरं डब्याखालच्या स्टिकरवर असतं तसंच राहतं.

मोबाइल नंबर बदललात हे उत्तम केलंत, कारण वाय-फायचा अंदाज राउटरला न विचारता लावता येतो. फोन जोडला जाताना हवेतून जाणारी देवाणघेवाण एकदा टिपली की पुढचं काम घरी बसून. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९नं सुरू होतो, म्हणजे शक्यता ४०० कोटी. गेमिंगचं एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला चार लाख अंदाज लावतं असं धरलं तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. लॉगिनच्या पानावर चार आकडी पिन ठेवली आणि कुणी सेकंदाला एक अंदाज लावला तरी तेवढेच १०,००० सेकंद. वाय-फायला ८ ते ६३ अक्षरं चालतात. १५च्या पुढं जा.

लॉगिन बदलायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर लिहिलेला पत्ता उघडा. ‘सिस्टिम’ किंवा ‘मॅनेजमेंट’मध्ये पासवर्ड बदला. तिथंच ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅन साइड अॅक्सेस’ (वॅन म्हणजे बाहेरची, इंटरनेटची बाजू) असं काही चालू दिसलं तर बंद करा, आणि यूपीएनपीही, कारण ते आतल्या यंत्रांना स्वतःहून बाहेरचं दार उघडू देतं. काही जुने डबे ठरावीक अक्षरांपुढचा पासवर्ड गुपचूप कापून टाकतात. म्हणून बदलल्यावर शेवटचं अक्षर वगळून एकदा लॉगिन करून बघा. आत शिरता आलं तर तुमचा पासवर्ड तुम्हाला वाटतो त्याहून आखूड आहे.

पासवर्ड निवडताना गावाचं नाव नको. शहराच्या नावापुढं १२३, ग्रामदैवताच्या नावापुढं १२३, पिनकोड ४१३००१, एमएच१३ आणि गाडीचा नंबर, ०२१७नं सुरू होणारा दुकानाच्या पाटीवरचा नंबर, हे सगळं ओळखीचा माणूस पाच मिनिटांत टाकून बघतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमनमध्ये जोडून लिहा. चिठ्ठ्या टाकून निवडलेत तर फारच छान, कारण माणूस ‘मनात येईल ते’ म्हणून निवडतो तेव्हा नेमकं घरातलंच निवडतो.

बाहेरून दार दिसतं का हे तपासायला फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तुमचा सार्वजनिक पत्ता उघडा. घरच्या वाय-फायवरून केलेली तपासणी फसवी असते. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला तर ऑपरेटरनं तुम्हाला सामाईक पत्त्यामागं ठेवलंय आणि आयपीव्ही४वरून बाहेरचा माणूस थेट येऊ शकत नाही. त्याच ऑपरेटरच्या जाळ्यातले शेजारी मात्र कधी कधी येऊ शकतात. डब्याचं रीसेट बटण दाबलं गेलं तर सगळं पुन्हा स्टिकरवरच्या स्थितीला जातं, तेव्हा दुरुस्तीवाला येऊन गेला की एकदा बघत जा.

प्रश्न : पंढरपुरात आमचं लॉज आहे. वारीत पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय ठेवतो, आमच्या बिलिंगच्या जाळ्यात त्यांना जाता येत नाही. तरी एका पाहुण्यानं राउटरचं लॉगिन पान उघडून दाखवलं. कसं?

उत्तर : तुम्ही ‘फॉरवर्ड’ साखळी अडवली, ‘इनपुट’ नाही. गेस्टकडून बिलिंगकडे जाणारं पॅकेट राउटरमधून जातं, ते फॉरवर्ड. गेस्टनं स्वतःच्याच गेटवेचा (म्हणजे राउटरचाच) पत्ता उघडला तर पॅकेट राउटरपाशीच संपतं, ते इनपुट. गेस्टच्या इंटरफेसवरून इनपुटला फक्त यूडीपी ६७ (पत्ता मिळण्यासाठी) आणि ५३ (डीएनएस, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही) द्या, बाकी ड्रॉप. गेस्टचा ब्रिज (गेस्ट वाय-फायचा इंटरफेस) ‘लॅन’ यादीत घातलेला असेल तर काढा. बहुतेक वेळा घोटाळा तिथंच असतो.

आणखी एक चोरवाट आहे. विनबॉक्स आयपीशिवाय, नुसत्या मॅक पत्त्यावरूनही (यंत्राच्या हार्डवेअर क्रमांकावरूनही) जोडतो आणि आयपीची फायरवॉल ते बघतच नाही. ‘टूल्स’मधल्या ‘मॅक सर्व्हर’मध्ये मॅक टेलनेट आणि मॅक विनबॉक्स दोन्हींना फक्त ऑफिसच्या इंटरफेसची यादी द्या. ‘आयपी’खालच्या ‘नेबर्स’मधला शोधही तेवढ्यापुरताच ठेवा, नाहीतर पाहुण्याच्या लॅपटॉपवर राउटर स्वतःहून नाव आणि आवृत्ती सांगत राहतो.

प्रश्न : बार्शी भागात आमचं केबल इंटरनेट आहे. सोयीसाठी सगळ्या ग्राहकांच्या राउटरचा अॅडमिन पासवर्ड एकच ठेवलाय. मुलं काम सोडून जातात तेव्हा काळजी वाटते. मॅकचे शेवटचे सहा आकडे पासवर्ड ठेवले तर?

उत्तर : मॅक पत्ता वाय-फायवर हवेत उघडाच फिरतो आणि डब्यावरही छापलेला असतो. सूत्र काम सोडून गेलेल्या मुलाला माहीत असलं की पासवर्ड एकच ठेवल्यासारखं झालं. प्रत्येक यंत्राला यंत्रानंच काढलेला वेगळा पासवर्ड द्या, तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, आणि लॉगिन फक्त तुमच्या मॅनेजमेंट व्हीलॅनवरून (देखभालीसाठी वेगळ्या काढलेल्या जाळ्यावरून) येऊ द्या. ब्रिटननं तर घरगुती यंत्रांवर सर्वांना सारखा कारखाना-पासवर्ड देणं २९ एप्रिल २०२४पासून कायद्यानं बंद केलंय.

लॉगबद्दल : मायक्रोटिक मूळ सेटिंगमध्ये लॉग स्मृतीत ठेवतो, लाइट गेली की गेला. वेगळ्या यंत्रावर लॉग साठवणारी सिसलॉग सेवा (यूडीपी ५१४) लावा. राउटरच्या फ्लॅशवर सतत लिहू नका, ती झिजते. बऱ्याच बोर्डांवर घड्याळाला बॅटरी नसते, तेव्हा एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) लावलं नाही तर तारखाच चुकीच्या पडतात. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवठादारानं लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचं असतं आणि घुसखोरीची खबर ६ तासांत द्यायची असते.

प्रश्न : होटगी रोडवर आमचं गोदाम आहे. लॉगमध्ये शेकडो फेल्युअरनंतर एक ओळ ‘युजर अॅडमिन लॉग्ड इन’ अशी आहे, पत्ता अनोळखी. पासवर्ड बदलला, अपडेट केलं. झालं का?

उत्तर : नाही. आत येऊन गेलेला माणूस परत यायची सोय करून जातो. ‘सिस्टिम’मध्ये ‘शेड्युलर’ आणि ‘स्क्रिप्ट्स’, ‘युजर्स’मध्ये नवी नावं, ‘पीपीपी’त अनोळखी सीक्रेट (जोडणीचा युजर-पासवर्ड), ‘आयपी’मध्ये ‘सॉक्स’ (इतरांची वाहतूक तुमच्या राउटरमधून नेणारी सेवा) चालू झालेलं, ‘डीएनएस’च्या स्थिर नोंदी, आणि फायरवॉलमध्ये सगळ्यांत वर आलेला एखादा परवानगीचा नियम, हे सगळं तपासा. काही सापडलं तर त्याचा फोटो काढून ठेवा, पण तेवढंच पुसून थांबू नका.

यामागचं उदाहरण मोठं आहे. २०१८मध्ये विनबॉक्समध्ये एक दोष सापडला होता. पासवर्डचा अंदाजही न लावता राउटरमधली युजरची फाइलच बाहेरून वाचता येत होती. एप्रिल २०१८च्या ६.४२.१ आवृत्तीत तो बुजवला गेला. तरी २०२१मध्ये मेरिस नावाच्या बॉटनेटनं प्रचंड हल्ले केले, तेव्हा मायक्रोटिकनं सांगितलं की हे २०१८मध्येच हाती गेलेले राउटर आहेत. मालकांनी अपडेट केलं होतं, पण पासवर्ड जुनेच राहिले होते.

म्हणून नेटइन्स्टॉल या मायक्रोटिकच्या प्रोग्रामनं राउटर कोरा करून नवी आवृत्ती टाका. संगणक थेट ईथर१ला जोडायचा, संगणकाला हातानं आयपी द्यायचा, आणि रीसेट बटण दाबून धरूनच वीज चालू करायची. नेटइन्स्टॉलच्या यादीत यंत्र दिसलं की बटण सोडा. जुनी बायनरी बॅकअप फाइल परत चढवू नका, तिच्याबरोबर पाहुणाही परत येतो. राउटर कोरा करण्याआधीच ‘एक्स्पोर्ट’ करून मजकुराची फाइल घ्या, एकेक ओळ वाचा, आणि ओळखीची तेवढीच पुन्हा भरा. इंटरनेटची वायर इनपुट साखळी लिहून झाल्यावरच लावा.

तोच पासवर्ड गोदामाच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला असेल तर तिथंही बदला. पीपीपीओईचा युजर-पासवर्ड राउटरमध्ये वाचता येण्यासारखाच ठेवलेला असतो, तेव्हा ऑपरेटरला फोन करून तोही बदलून मागा, आणि नवा पासवर्ड नेटइन्स्टॉल झाल्यावरच राउटरमध्ये टाका, त्याआधी नाही.